आणि इतर

"आलं का ग नाव?"

"नाही अजून, बाबा. आत्ताच तर सुरू झालंय."

जलीलानं संगणक वडिलांच्या कानाजवळ सरकवला. शेख तय्यबांनी आज धुतलेला जुब्बा घातला होता, लाल टोपी नीट बसवली होती. जन्मापासून दिसत नव्हतं त्यांना. पण मशिदीत पैगंबरांची वचनं गायला बसावं तसे ताठ बसले होते. कैरवान शहरातल्या त्या गल्लीत त्यांनी घरोघर सांगून ठेवलं होतं, परदेशातला एक मोठा मेंदूतज्ज्ञ आज भाषणात माझ्या पोरीचं नाव घेणार.

शेजारची खदूजा खजूर भरलेल्या मकरूद वड्यांचं ताट घेऊन आली. "मला यातलं ओ की ठो कळायचं नाही. टाळी कधी वाजवायची तेवढं सांगा."

"नाव आलं की," शेख म्हणाले. "आता गप्प बस बाई. तुझ्या बडबडीत निसटून जायचं."

भाषण इंग्रजीत होतं. पडद्यावर मेंदूचं चित्र आलं. जन्मांध माणसाच्या मेंदूत डोळ्यांसाठी राखलेला कोपरा ओसाड पडत नाही. पाठ केलेलं काही तो माणूस मनात गाऊ लागला की हा कोपरा उजळतो. हे जलीलानं शोधलं होतं. चित्रातला मेंदू शेखांचाच. लेखही तिनंच लिहिला, पण विभागप्रमुख झुआरींनी आपलं नाव वर घातलं, तिचं खाली. आता जगभरातले अभ्यासक त्या लेखाचा दाखला देत होते. हा बोलणारा तर जाणता माणूस, घेईल नाव, असं तिला वाटलं होतं.

"झुआरी आणि इतर," तो म्हणाला. चित्र बदललं. "झुआरी आणि इतर."

"झुआरी म्हणजे तुझे साहेब ना?" शेख कुजबुजले. "त्यांचं आलं. आता तुझंच."

तिकडे टाळ्या झाल्या. पडदा काळा झाला. खदूजानं जलीलाच्या तोंडाकडे पाहिलं, ताट तिथंच ठेवलं आणि चपला पायात सरकवून निघून गेली.

"आलं?"

"आलं, बाबा. तुम्हाला जरा डुलकी लागली होती तेव्हा."

पैगंबरांचं एखादं वचन सांगायचं तर ते आपण कुणाकडून ऐकलं, त्यानं कुणाकडून, ही सगळी नावं सुरात घेतल्याशिवाय शेखांनी उभ्या जन्मात तोंड उघडलं नव्हतं. मधलं एखादं नाव सापडलं नाही, तर ते वचनच बाजूला ठेवत.

"साहेबांच्या नावामागं तो सारखं काय म्हणत होता ग?"

"आणि इतर."

"इतर? म्हणजे माणसंच ना?"

"हो. त्यांच्याबरोबर काम केलेली."

म्हाताऱ्यानं दोन्ही तळवे उघडले आणि हलक्या सुरात त्या इतरांसाठी दुवा मागितला. ज्यांची नावं माणसांना घ्यावीशी वाटली नाहीत, त्यांची तू घे रे परवरदिगारा.

जलीला "आमीन" म्हणाली.

शेखांनी तळवे तोंडावरून फिरवले.

"बिचारे," ते म्हणाले. "त्यांच्याही घरी कुणीतरी असंच कान लावून बसलं असेल."