खिळ्यावरचा टाय

"मेहनती आहे, असं म्हणू नकोस. ते सगळेच म्हणतात. केलेलं एखादं काम सांग. काकांच्या दुकानाचं जीएसटी रिटर्न तूच भरलंस ना? ते सांग," अकाउंट्सचे कुरणे सर म्हणाले.

मी गळ्यातला टाय सारखा केला. आमच्या कॉमर्स विभागाचा हा एकुलता एक टाय, सरांनीच कधीतरी गाठ मारून खिळ्याला अडकवलेला. सराव असो की खरी मुलाखत, डोक्यातून घालायचा आणि परत आणून ठेवायचा. गाठ मात्र सोडायची नाही.

यंदा मंदीमुळे एकही कंपनी कॉलेजात फिरकली नव्हती. तरी सर रोज थांबून आमच्या अख्ख्या वर्गाचा सराव घ्यायचे आणि तोच प्रश्न विचारायचे, "आम्ही तुम्हालाच का घ्यावं?"

"उद्या सराव नाही," टेबल आवरत सर म्हणाले. "कॉलेजनं तासिकेवरचे सगळे शिक्षक कमी केलेत. उद्या माझीच मुलाखत आहे, एका कारखान्यात. अकाउंटंटच्या जागेसाठी."

मी टाय काढला.

"वाका जरा, सर."

टाय आमच्या मापाचा. सरांच्या कानांवरच अडकला. गाठ सैल केली तेव्हा कुठे गळ्यात उतरला. मग मी त्यांच्या खुर्चीत बसून विचारलं, "आम्ही तुम्हालाच का घ्यावं?"

"मी मेहनती..." सर अडखळले.

"ते सगळेच म्हणतात, सर. केलेलं एखादं काम सांगा."

सरांनी मान वर केली आणि पहिल्या बाकापासून आमची एकेकाची नावं घ्यायला सुरुवात केली.