दोन बोटं उंच

सकाळी अकरा वाजता सासूबाई इस्पितळातून घरी आल्या आणि वॉकरसह खोलीच्या दाराशी अडल्या. याच खोलीत फरशीवर घसरून त्यांचा खुबा मोडला होता. म्हणून सुनेने नवऱ्यासोबत पंधरवडाभर धूळ गिळत खरखरीत फरशी बसवून घेतली. खर्च वाचवायला जुनी न उखडता तिच्यावरच. दारात झालेली दोन बोटं उंच पायरी आत्ता दिसली. “उतार करून देतो, पण सुकायला उद्या उजाडेल,” हिशेबाला आलेला गवंडी म्हणाला. “तोवर आईने काय उडायचं?” नवरा करवादला. “जुनी फरशी फोडू नका, असं तुम्हीच म्हणालात, साहेब.” सुनेला भांडायचंही त्राण नव्हतं. सासूबाई हसल्या. “मी या फरशीवर पडले, तर ही बया उठून दाराशी आली होय!” “आई, धरू का?” सुनेने विचारलं. “रोज कोण धरणार?” त्यांनी वॉकर उचलला. चारही पाय नव्या फरशीवर टेकले; सासूबाईंचे अजून बाहेरच होते.