वीस की सव्वीस

"माणूस खोटं बोलेल, पण नाणं कधी खोटं बोलत नाही," मामा गंभीरपणे म्हणाले.

"बोलतं की," पारखी म्हणाला. "माझं दुकान त्यावरच चालतं. आणि काका, कडेने धरा. बिस्कीट नाहीये ते."

मामांनी नाणं कडेने धरून पुढे केलं. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. काउंटरवर हिरवं कापड, छोटासा काटा आणि मान वळवता येणारा दिवा. बाजूच्या स्टुलावर भाची पर्स पोटाशी धरून बसली होती. मामांना इथवर तिनेच आणलं होतं. तिची आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, नुकतीच गेली. जाताना तिने लेकीकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती: दादाला घेऊन ते नाणं एकदा बाहेर तपासून आण.

नाणं मामांच्या आईचं. साल अठराशे वीस, इंग्रजी आकड्यांत. थोरले म्हणून ते मामांकडे आलं, आणि टेबलावरच्या दिव्याखाली धरून ते वीस वाचण्यात त्यांना सुख वाटे. एकदा बहीण म्हणाली, "आईची आठवण म्हणून थोडे दिवस माझ्याकडे राहू दे." महिन्याभराने तिने ते परत आणून दिलं. मामांनी दिव्याखाली धरलं, तर साल सव्वीस!

मामांची हयात हिशेब तपासण्यात गेलेली. दुसऱ्यांच्या चुका काढायचा त्यांना पगार मिळे. निवृत्तीनंतर ते हेच काम फुकट करत. बहिणीने मूळचं नाणं विकून दुसरं आणून दिलं, हा निष्कर्ष त्यांनी चहा निवायच्या आत काढला आणि मेहुण्यांच्या देखत ऐकवला, "आपलंच नाणं खोटं, तर दुसऱ्याला काय बोल लावायचा!" म्हण चपखल बसली याचं त्यांना समाधानही वाटलं.

बहीण म्हणाली, "दादा, मला खोटी म्हण. त्याला नको म्हणूस. ते आईचं आहे."

ती चपला घालून गेली, ती पुन्हा आली नाही. मामांनीही बोलावलं नाही. चूक तिची, तेव्हा आधी तिने यावं, असा साधा हिशेब होता.

पारख्याने नाणं तोललं, कड न्याहाळली, डोळ्याचं भिंग काढलं. "अस्सल आहे."

"अस्सल असेल हो. पण आमचं नाही. आमचं वीसचं होतं, हे सव्वीसचं आहे. तेवढं लिहून द्या."

"लिहून घेऊन दाखवणार कुणाला, मामा?" भाची म्हणाली. "आई तर वाचणार नाही."

मामांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

"वीस कुणी वाचलं होतं?" पारख्याने विचारलं.

"मी स्वतः. शंभरदा."

पारख्याने दिवा नाण्याच्या उजवीकडे ओढला. "वाचा."

"सव्वीस!" मामा भाचीकडे बघत म्हणाले.

मग त्याने दिव्याची मान धरून ती डावीकडे नेली. नाणं जागचं हललं नाही. "आता?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सहाच्या जागी शून्य होतं. गोल, गुळगुळीत.

"सहाचा वरचा तुरा झिजलाय," पारखी म्हणाला. "एका बाजूने उजेड आला की दिसतो, दुसऱ्या बाजूने आला की बुजतो. आहे सहाच. घरी मधे दिवा हलवला होतात का?"

हलवला होता. नाणं बहिणीकडे होतं त्याच महिन्यात टेबलाच्या डावीकडचा प्लग जळाला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, याच्या नादी लागू नका, उजवीकडचा वापरा. मामा अजून उजवीकडचाच वापरत होते.

"म्हणजे हे… तेच आहे," मामा म्हणाले.

"आई हेच म्हणत होती," भाची म्हणाली. तिने आवाज चढवला असता तर मामांना बरं वाटलं असतं.

"मग तेव्हाच म्हणायचं नाही का तिने, की बाहेर दाखवू या म्हणून?"

"म्हणाली होती. फोनवर. तुम्ही फोन ठेवून दिलात."

मामांनी नाणं हिरव्या कापडावरून भाचीकडे सरकवलं. कडेने, अगदी जपून. "हे तू ठेव. तिला हवं होतं."

"नको मामा. तिला परत यायला हवं होतं."

तिने नाणं उचललं नाही. मामांनीही परत घेतलं नाही. इतकी वर्षं गेली ती निदान कुठल्या तरी मोठ्या गोष्टीपायी गेली असावीत, असं त्यांना फार वाटलं. ते पारख्याकडे वळले.

"पण खरंच वीसचं असतं, तर किंमत जबरदस्त आली असती. नाही का?"

"छे हो," पारखी दिवा बंद करत म्हणाला. "दोन्ही सालची पोत्यांनी पडून आहेत. भाव एकच."