समोरची उशी

शिल्पकार बाईंनी प्रदर्शनात सी-सॉ मांडला, दोन्ही टोकांना मऊ उशा बांधल्या आणि नाव ठेवलं ‘एकोपा’.

"एकटीने बसून होतो का गं एकोपा?" थोरल्या बहिणीने निघताना टोमणा मारलाच.

संध्याकाळपर्यंत कुणी बसलं नाही, तर दालनवाला तो उचलून फेकणार होता. समीक्षक सोडाच, पंख्याखाली वारा खायलाही कुणी फिरकलं नाही. शेवटी पाय दुखले म्हणून बाई स्वतःच एका टोकाला टेकल्या.

ते टोक अलगद वर गेलं. समोरच्या रिकाम्या उशीला खळगा पडला होता.

बाईंचे डोळे भरून आले. "तुम्ही तरी आलात हो," त्या म्हणाल्या. "फार उपकार झाले."

समोरच्याने त्यांना जपून खाली टेकवलं. रिकाम्या दालनात, अगदी पाठीमागे, रांगेत ताटकळल्यासारखं कुणीतरी खाकरलं.