ठिपक्यांचा फ्रॉक

साल २०१९, होळीच्या आधीचा आठवडा. जव्हारच्या घरी कपाट आवरताना हेमंतला वडिलांचा, रोहिदास गुरुजींचा कॅमेरा सापडला. आत अर्धा वापरलेला रोल होता. रोल संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही, हा गुरुजींचा नियम. गुरुजी गेले तरी तो संपला नव्हता. हेमंतने नाशिकला देऊन धुऊन आणला. सगळ्या रोलमधून तीनच फोटो निघाले.

हेमंतच्या आईने, प्रतिभाबाईंनी पाहताच ओळखलं. खोडाळ्याजवळच्या पाड्यावरची गुरुजींची शाळा, ब्याण्णव सालच्या पहिलीतल्या तीन मुली. त्यांनी पाड्यावर निरोप धाडला.

तिसऱ्या दिवशी तिघी आल्या. कोंडी आणि जयवंती, फोटोतल्या मुलींपैकी दोघी, आता पोरांच्या आया. आणि जिवली. फोटोतली तिसरी, तिची मुलगी कमू, त्याच सालच्या पावसाळ्यात तापाने गेली होती. कमूचा एकही फोटो जिवलीकडे नव्हता.

"तोंड इसरले बाई," जिवली ओट्यावर बसत म्हणाली. "सपनात येते तं पाठमोरी येते. फ्रॉक तेवढा ध्यानात हाये. ठिपक्यांचा. त्यावरून वळखीन."

प्रतिभाबाईंनी तिन्ही फोटो ओट्यावर मांडले.

तिन्ही मुलींच्या अंगात ठिपक्यांचा फ्रॉक होता. एकच फ्रॉक. फाटक्या कपड्यात कुणाचा फोटो काढायचा नाही, असं गुरुजींनी ठरवलं होतं. प्रतिभाबाईंनी घरी तो शिवला होता. एकीचा फोटो झाला की तिच्या अंगातला उतरवून दुसरीला घालायचा. इतक्या वर्षांच्या दमटपणाने चेहऱ्यांवर पांढरे डाग पडले होते. ठिपके मात्र स्वच्छ होते.

जिवली एका फोटोवरून दुसऱ्यावर जात राहिली. "ह्या तिनी माज्याच दिसत्यात," ती म्हणाली.

"सोपं आहे," हेमंत म्हणाला. "तुम्ही दोघी आपापला ओळखा. उरेल तो कमूचा."

कोंडीने मधल्या फोटोवर बोट ठेवलं. जयवंतीनेही त्याच फोटोवर ठेवलं.

"ती मी हाये," कोंडी म्हणाली.

"तुजे कान बकरीवानी. हिचे बग."

"आन् तुजं नाक तवा सदा वाहतं. हिचं कोरडं हाये."

दोघी हसल्या. जिवली हसली नाही, तशा त्या गप्प झाल्या.

"आई, वेण्या तूच घातल्या होत्यास ना?" हेमंतने विचारलं. "आठव जरा."

"घातल्या. तिघींच्या सारख्याच घातल्या."

मग जिवलीने कडेचे दोन्ही फोटो उचलले, पदराने पुसले.

"ह्या दोनी मना द्या."

"काकी, त्यातली एक आमच्यातली कोनतरी हाये," कोंडी म्हणाली.

"हाये तं हाये. तिला काय रानात टाकू?"

पुढे हेमंतची पालघरला बदली झाली. प्रतिभाबाई त्याच्याकडे असतात, कॅमेराही तिथेच आहे. मधला फोटो जयवंतीने नेला. तो ती कोंडीला दाखवत नाही. जिवली दुसऱ्या वर्षी गेली. तिचे दोन्ही फोटो मुलाच्या घरात भिंतीवर आहेत, आणि नातवंडं विचारलं की सांगतात, आम्हाला दोन आत्या होत्या.

कोंडी दर दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर भिवंडीला कामाला जाते. निघायच्या आदल्या दिवशी ती त्या घरी येते. जित्या माणसाच्या फोटोला हार घालू नये, हे तिला ठाऊक आहे. ती झेंडूचं एकच फूल आणते आणि खाली जमिनीवर, दोन्ही फोटोंच्या मधोमध ठेवते.