गाऊनचं टोक

समर्थच्या अंगावर कांजिण्या उठल्या आणि सरुबाई पदर खोचून कामाला लागल्या. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, फोडणी बंद केली, जुनं मऊ लुगडं नातवाच्या अंगाखाली अंथरलं. घरात देवी पाहुणी आलीय म्हटल्यावर तिच्या कलानंच घ्यायचं. ती न्हाऊन जाईपर्यंत घरातलं कुणी दुसऱ्याच्या दारी मुक्कामाला जायचं नाही, ही त्यांच्या सासूची शिकवण.

पण सून अपेक्षा पोटुशी होती, सातवा सरत आलेला. समर्थच्या पाठची दोन पोटातच गेली होती. तिला लहानपणी कांजिण्या आल्या नव्हत्या. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं, हिला आजच्या आज घरातून हलवा. अपेक्षा हलेना. तापलेलं पोर टाकून कशी जाऊ म्हणत अंगणात रडत बसली. आत समर्थनं 'आई, आई' लावलं होतं.

सरुबाईंनी देव्हाऱ्यापुढं हात जोडले.

"आई, रीत मी मोडतीय. काय बोल लावायचा त्यो मला लाव. पोरीच्या पोटाकडं बघू नको."

मग त्यांनी मुलाला, गौरवला, गाडी काढायला लावली आणि सुनेला माहेरी, उर्से गावी धाडलं.

तिन्हीसांजेला ताप चढला. आईच्या गाऊनचं टोक मुठीत असल्याशिवाय समर्थला झोप येत नसे. सरुबाईंनी दोरीवरचा गाऊन आणून दिला. ह्याच गाऊनपायी त्यांनी सुनेला कितीदा फाडून खाल्लं होतं, असला झगा माझ्या घरात चालायचा नाही म्हणून. पोरानं तो चाचपला, आत कुणी नाही कळल्यावर भिरकावून दिला आणि पुन्हा रडू लागला.

सरुबाईंनी गाऊन उचलला. आतल्या खोलीत जाऊन जन्माचं नऊवारी फेडलं आणि तो अंगात चढवला. एकट्याच होत्या, तरी लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवा न लावताच त्या नातवाशेजारी आडव्या झाल्या.

पोरानं टोक मुठीत घट्ट धरलं. सुजलेले डोळे मिटलेलेच होते.

"आई, आजी कुटं गेली?"

आवाज ओळखेल म्हणून त्या अगदी कुजबुजल्या, "गेली तिच्या गावाला. झोप तू."

"बरं झालं," पोर झोपेतच बोललं. "आता तुला कुनी रागवनार न्हाई."

सरुबाईंचे डोळे भरून आले. ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. हलल्या असत्या, तर मूठ सुटली असती.