खोडलेली ओळ

कल्पना करा हं. तुमचं वय दहा वर्षं आहे, शाळेला सुट्टी आहे, आणि तुमचे बाबा घडवंचीवर चढून भिंतीवरच्या पत्र्यावर अक्षरं रंगवताहेत. तुमच्याकडे त्यांची पाठ आहे. कागद बघायला मान वळवली, की त्यांचा हात हलतो. म्हणून कागद तुम्ही वाचायचा. तुम्ही वाचाल तेच भिंतीवर उमटणार.

ठकूचं काम हेच होतं.

कारखाना शर्ट शिवण्याचा. वीस-बावीस मशीनं खडखडत होती. छळ कशाला म्हणतात, हे कामाच्या प्रत्येक जागी सगळ्यांना दिसेल असं लिहून लावायचं, असा कायदाच होता, आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला माणसं येणार होती. मालकांनी मजकुराचा कागद पाठवला होता. बाबांनी खडूची दोरी मारून ओळी आखून घेतल्या होत्या.

"छळ म्हणजे," ठकूनं वाचलं, "समोरच्या व्यक्तीला नकोसा असलेला स्पर्श."

बाबांनी रंगवलं.

"नकोशी मागणी."

तेही झालं. तेवढ्यात मुकादम आला. दारापाशी काजबटणाच्या मशीनवर बसलेल्या एका कामगार ताईकडे बघून म्हणाला, "काय हिरोईन, आज निळ्यात? आता हा बोर्ड कोण वाचतंय! सगळे तुलाच बघत बसणार."

दोघं-तिघं खो-खो हसले. ताईही ओठांपुरती हसली. तिचं बोट सुईखाली जाता जाता वाचलं.

मुकादमानं ठकूच्या हातातून कागद घेतला, वरून खाली नजर फिरवली, कानावरची पेन्सिल काढली आणि एक ओळ सरळ खोडून टाकली.

"पेंटर, एवढं पुराण नको. ही तिसरी ओळ गाळा. हसण्याखेळण्याला कुणी छळ म्हणतं का? माणसानं काय तोंडाला कुलूप लावून बसायचं?"

"ओळ आखून झालीय हो," बाबा न वळता म्हणाले.

"मग तिथे एखादं फूल काढा."

कागद ठकूच्या हातात कोंबून तो शिवलेल्या शर्टांचे गठ्ठे तपासायला पलीकडच्या टेबलाशी गेला.

ताईनं मशीन थांबवलं. "पोरी," ती हळूच म्हणाली, "काय होतं गं त्या ओळीत?"

"रूपावरून, कपड्यांवरून केलेले नकोसे शेरे," ठकू कुजबुजली, "ते गमतीने केले असले तरी."

ताईनं पत्र्याकडे पाहिलं. दोन रंगवलेल्या ओळींखाली नुसती खडूची रेघ होती.

"दोनदा गेले होते मी मालकांकडे," ती म्हणाली. "म्हणाले, याला छळ म्हणतात असं कुठे लिहिलंय, ते दाखव."

"ठकू, ब्रश वाळतोय," वरून बाबांचा आवाज आला. "पुढचं वाच."

ठकूनं कागद उजेडाकडे धरला. पेन्सिलीची रेघ अक्षरांवरून गेली होती, पण अक्षरं जागच्या जागी होती. तिनं टेबलाकडे पाहिलं. मुकादम तिथेच होता. तिनं तीच ओळ वाचली, अगदी तोंडातल्या तोंडात.

बाबांचा ब्रश डब्याच्या काठावर थांबला. मान त्यांनी वळवली नाही.

"या खडखडाटात ऐकू येत नाही गं," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच. आणि एकेक शब्द, सावकाश."

ठकू रंगाच्या रिकाम्या डब्यावर चढली, आणि पार शेवटच्या मशीनपर्यंत पोचेल अशा आवाजात तिनं पहिला शब्द वाचला.